मिसाईल उडणार का, आधी कसं ओळखायचं?

साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी. नावातच मिलिटरी, कारण घराघरात फौजी, आणि पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान कामी आले. अशा गावात चहाच्या टपरीवर मिसाईलवर पैज लागली तर नवल नाय. टीव्हीवर उत्तर कोरियाच्या किमच्या धमकीची पट्टी फिरायला लागली की एखादं पोरगं विचारतंच, "आबा, उडवतंय का आता?" आणि रिटायर्ड आबा पेपरातनं डोकं वर न काढता म्हणतात, "बोलतोय न्हवं? मग आज न्हाई उडवत."

आबांचं निम्मं तरी खरं आहे. कोयनेचे दरवाजे कधी उघडणार हे पुढाऱ्याच्या भाषणावरनं कुणी ठरवत नाय, पाणलोटात पाऊस किती झालाय ते बघतात, इथंही तसंच, आधी रेकॉर्ड बघायचं. उत्तर कोरियाचं 2022 साल घ्या. जानेवारी ते जून दर महिन्याला बॅलिस्टिक मिसाईल (म्हणजे फेकलेल्या दगडासारखं वर जाऊन कमानीनं खाली येणारं), जुलै-ऑगस्टला गप्प, सप्टेंबरपासनं परत धडाका. मग वाटतं पावसाळ्यात ते उडवत नसतील, पण 2017 च्या जुलैत त्यांनी ह्वासाँग-14 हे लांब पल्ल्याचं मिसाईल एकदा सोडून दोनदा उडवलंय. त्यातलं पहिलं 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि तेव्हापासनं लोक प्रत्येक सणावारी टेस्ट होणार म्हणून बसतात, ज्या सणाला काहीच झालं नाही तो कोण लक्षात ठेवतंय.

आणि रेकॉर्डही कधीकधी तोंडावर पाडतं. 2017 एवढं गाजलं, पण 2018 मध्ये एक मिसाईल उडालं नाही, कारण ट्रम्पबरोबर बोलणी चालू होती. मे 2019 ला परत सुरू.

आता पैज लावायची तर आधी पैज कशावर ते तरी ठरवा. क्रूझ मिसाईल, म्हणजे विमानासारखं उडत जाणारं, बॅलिस्टिकमध्ये धरत नाहीत. उत्तर कोरियाचं 600 मिमी व्यासाचं जे आहे त्याला ते स्वतः रॉकेट लाँचर म्हणतात आणि दक्षिण कोरिया त्यालाच कमी पल्ल्याचं बॅलिस्टिक म्हणून मोजतो, म्हणजे मोजणार कोण हे आधी बोलून घेतलं नाही तर टपरीवर भांडणं नक्की.

भारताचं मात्र बरंच सोपं आहे, कारण आपण आधी सांगतो. टेस्टच्या आधी विमानांसाठी नोटॅम, म्हणजे या वेळेत या भागात येऊ नका अशी सूचना, निघतो, त्यात मिसाईलचं नाव नसतं, अग्नी वगैरे काही लिहीत नाहीत, नुसते अक्षांश-रेखांश आणि वेळ, तीही यूटीसी या जागतिक वेळेत, आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास वाढवायचे. हे आकडे मोबाईलच्या मॅपवर टाकले की ओडिशाच्या किनाऱ्यावरनं बंगालच्या उपसागरात जाणारा एक निमुळता पट्टा दिसतो. पट्टा आखूड असला तर छोटं मिसाईल, पार हिंदी महासागरात खाली लांबला तर पोरं लगेच अग्नी-5 म्हणून मोकळी होतात, कारण त्याचा पल्ला 5,000 किमीच्या वर आहे. बहुतेक वेळा खरंही निघतं. पण नोटॅम निघाला म्हणजे उडालंच असं नाय, तारखा पुढं जातात, कधी रद्दही होतो.

पाकिस्तानशी तर आपला 2005 चा लेखी करारच आहे, बॅलिस्टिकची टेस्ट करायची तर किमान तीन दिवस आधी एकमेकांना कळवायचं. क्रूझ त्यातही नाही.

अंदाज सांगायचा तर टक्क्यात सांगा, "बहुतेक उडवेल" याला काही अर्थ नाय. ब्रायर स्कोअर म्हणून एक हिशोब आहे, 1950 मध्ये ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानवाल्यानं मांडलेला. अंदाज किती चुकला त्याचा वर्ग म्हणजे दंड. 90 टक्के म्हणालात आणि उडालं नाही, तर 0.9 चा वर्ग, दंड 0.81. 60 म्हणाला असतात तर 0.36 वर सुटला असता. छाती ठोकून बोलणाऱ्याला लय महाग पडतं हे.

खरी अडचण पुढंच आहे. द्रव इंधनाचं मोठं मिसाईल उडवायचं म्हणजे त्याआधी इंधन भरायचं, टँकर आणायचे, माणसांची धावपळ, आणि ती सॅटेलाइटला सापडायची शक्यता असते. पण 13 एप्रिल 2023 ला उत्तर कोरियानं घन इंधनाचं ह्वासाँग-18 उडवलं. यात इंधन आधीच भरलेलं, गाडी बोगद्यातनं बाहेर काढली, उभं केलं, सोडलं. शिवाय कोरिया मिसाईलसाठी नोटॅमबिटॅम काढत बसत नाही, उपग्रह सोडायचा असला तर जपानला कळवतो, तेवढंच. त्यामुळं तिथं आकडा लावताना सॅटेलाइटच्या फोटोपेक्षा जुन्या रेकॉर्डवर आणि बोलणी चालू आहेत का नाहीत यावर जास्त भर द्यावा लागतो, आणि फोटोत काही दिसलं नाही म्हणून 10 टक्क्यांवर यायचं धाडस करू नये.