घामाचा थेंब

सन १७७४. लंडनमधली एक खोली इतकी तापवलेली, की तिथली हवा उकळत्या पाण्याहून गरम. डॉक्टर चार्ल्स ब्लॅगडेन त्या खोलीत गेले आणि काही मिनिटं थांबले. तिथल्या हवेत ठेवलेली अंडी भाजून कडक झाली. ब्लॅगडेन मात्र धडधाकट बाहेर आले.

हे कसं झालं? हे कपाळ जरा जवळून पाहा. घामाचा हा थेंब आत्ता होता, आता नाही. सुकता सुकता तो त्वचेतली उष्णता घेऊन गेला. एक लिटर घाम पूर्ण सुकला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगाबाहेर पडते. पण हवा कोरडी हवी, तशी ती त्या खोलीत होती. दमट हवेत घाम नुसताच ओघळतो, आणि ओघळलेल्या घामानं अंग निवत नाही.

हा कारभार पाहतो मेंदूच्या तळाशी असलेला, बदामाएवढा हायपोथॅलॅमस. रक्त जरा तापलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. गार पडलं की त्या आकसतात, अंग थरथरू लागतं.

आता श्वास रोखून पाहा. होते ती तगमग मुख्यतः ऑक्सिजन कमी पडल्याची नसते. कार्बन डायऑक्साइड साचून रक्त आम्लाकडे झुकू लागलेलं असतं. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहावा लागतो. तिकडे मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्ताला परत करतात.

शरीरानं आतला तोल असा सतत सांभाळण्याला अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये होमिओस्टॅसिस म्हटलं. आपण समस्थिती म्हणतो. शब्दात ‘स्थिती’ असली, तरी आत क्षणभरही काही स्थिर नसतं.

मला सगळ्यात थक्क करतो तो ताप. अंग ३८ अंश सेल्सिअसवर, तरी हुडहुडी भरते, कितीही पांघरुणं घ्या, थंडी जात नाही. कारण जंतूंशी झुंजताना मेंदूनंच ३७ ऐवजी ३९ अंश गाठायचं ठरवलेलं असतं. त्या हिशेबानं ३८ म्हणजे गारच!

मग पहाटे कधीतरी मेंदू पुन्हा ३७ वर येतो. पांघरूण नकोसं होतं. आणि कपाळावर, अगदी केसांच्या कडेला, घामाचा पहिला थेंब फुटतो.