जनरल सिकल्सचा पाय

१८६३ साल. वॉशिंग्टनच्या आर्मी मेडिकल म्युझियममध्ये एक छोटी पेटी येऊन पडली, हुबेहूब शवपेटीसारखी. आत उजव्या पायाचं हाड, चिरफाळ्या झालेलं. सोबत पाठवणाऱ्याचं व्हिजिटिंग कार्ड, सप्रेम भेट म्हणून.

पाठवणारा होता डॅनियल सिकल्स. पाय त्याचाच.

हा न्यूयॉर्कचा वकील. टॅमनी हॉलच्या, म्हणजे तिथल्या डेमोक्रॅट पुढाऱ्यांच्या गटाच्या, राजकारणात मुरलेला, १८५७ मध्ये काँग्रेसमध्ये पोचलेला. बाहेरख्यालीपणा जगजाहीर. पण बायकोचं, टेरेसाचं, सरकारी वकील फिलिप बार्टन की याच्याशी सूत जुळल्याचं निनावी पत्र हाती आलं आणि गड्याचं डोकं फिरलं.

२७ फेब्रुवारी १८५९, रविवार. व्हाइट हाउससमोरच्या लाफायेत चौकात फिलिप की रुमाल हलवून टेरेसाला खूण करत होता. सिकल्स पिस्तुलं घेऊन बाहेर आला. फिलिप की निःशस्त्र. त्याने खिशातली नाटकाला न्यायची दुर्बीण फेकून मारली. दुसरं होतं काय त्याच्याजवळ? सिकल्सने भर दिवसा, लोकांदेखत गोळ्या घातल्या.

बचावाला वकिलांची फौज उभी राहिली. त्यात एडविन स्टँटन, पुढे लिंकनचा युद्धमंत्री झाला तोच. त्या क्षणी आरोपीचं भान हरपलं होतं, असा पवित्रा घेतला. तात्पुरत्या वेडाचा हा बचाव अमेरिकेत तोवर कुणाला तारून गेला नव्हता. ज्युरीने सिकल्सला निर्दोष सोडलं. पेपरवाले खुश. मग त्याने टेरेसाला पुन्हा घरात घेतलं, तेव्हा मात्र तेच लोक खवळले. खून चालला, क्षमा चालली नाही!

अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाने त्याला पुन्हा उभं केलं. न्यूयॉर्कमध्ये माणसं जमवून त्याने एक्सेलसियर ब्रिगेड उभारली, बघता बघता मेजर जनरल झाला. २ जुलै १८६३, गेटिसबर्ग. उत्तरेच्या फौजेचा सेनापती जनरल मीडने टेकडीच्या रांगेवर थांबायला सांगितलेलं. समोरची पीचची बाग उंचावर आहे म्हणून हा सुमारे दहा हजारांची कोअर, म्हणजे आपल्या हाताखालचं सैन्यदल, घेऊन न विचारता पुढे सरकला. दक्षिणेच्या जनरल लाँगस्ट्रीटच्या हल्ल्यात ती मोडून पडली. संध्याकाळी तोफगोळ्याने त्याचा पाय उडवला. स्ट्रेचरवरून नेताना पठ्ठ्या सिगार ओढत होता, सैनिकांना दिसेल असा.

पाय गेला आणि कोर्ट मार्शल टळलं, असं मला वाटतं. तीनच दिवसांनी वॉशिंग्टनला उशाशी लिंकन बसलेला, आणि लढाईची हकिगत सांगणारा हा! मीडला पुढे आयुष्यभर खुलासे करावे लागले.

नंतर स्पेनमध्ये राजदूत, पुन्हा काँग्रेस, १८९७ मध्ये मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक. गेटिसबर्गचं रणांगण सरकारने जपावं हा १८९५ चा कायदा त्यानेच आणला, हे श्रेय द्यायलाच हवं. पण १९१२ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, न्यूयॉर्कच्या स्मारक समितीचे हजारो डॉलर गायब निघाले. अध्यक्ष हाच. पदावरून काढलं.

म्युझियममध्ये तो आपलं हाड बघायला जायचा, पाहुण्यांनाही न्यायचा. १९१४ मध्ये त्याला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पुरलं. हाड आता मेरीलँडमध्ये सिल्व्हर स्प्रिंगला आहे. काचेआड, शेजारी तसाच एक बारा पौंडी गोळा.