एकेक काडी, एकेक थेंब

डिचोलीच्या शेतात आषाढातली लावणी चालू आहे. तरव्याच्या जुडीतून दोन-तीन काड्या इथं, दोन-तीन तिथं. अख्खी जुडी एका जागी खोचली, तर मधली रोपं जीव धरत नाहीत.

पणजीतल्या ऑपरेशन थिएटरमध्ये आज हीच रीत दिसते. या ताई डिचोलीच्याच. दोन बाळंतपणांनंतर छाती ओसरली. छातीत बसवायचं कृत्रिम इम्प्लांट नको होतं. म्हणून स्वतःच्याच मांडीची चरबी काढून छातीत भरायची.

आधी मांडीत सलाइन, लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) आणि अड्रेनालिनचं मिश्रण सोडलं जातं, म्हणजे रक्त कमी जातं. मग बारीक नळीनं चरबी ओढतात. सिरिंज उभी ठेवा आणि बघा: वर पिवळं तेल, तळाला लालसर पाणी, मधे लोण्यासारखा थर. कामाचा तेवढाच. तो स्तनात थेंब-थेंब, वेगवेगळ्या खोलीवर पेरतात. भोवतालचं रक्त पोचलं तरच पेशी जगते.

पहिल्या आठवड्यात आरशात दिसतं त्यावर जाऊ नका. त्यात सूज असते. तीन ते सहा महिन्यांत त्यातली काही चरबी शरीर शोषून घेतं. साधारण निम्मी ते सत्तर टक्के टिकते. वाढ ब्राच्या अर्ध्या ते एका साइझची. ओघळलेला स्तन यानं वर उचलला जात नाही. हे आधी स्पष्ट सांगितलं नाही, तर बाईला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते रास्तच आहे.

दुखतं ते छातीपेक्षा मांडीत जास्त. काळे-निळे डाग, आणि दमट हवेत काही आठवडे घट्ट प्रेशर गारमेंट. झोपायचं उताणं. सिगारेट बंद. पुढे वजन उतरलं तर छातीही उतरते.

एक गोष्ट सांगायची मात्र टाळू नये. न जगलेल्या चरबीच्या गाठी होतात, तेलाच्या पुटकुळ्या, कॅल्शियमचे कण. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेत, ते कॅन्सरची शंका आणू शकतात. याच भीतीनं 1987 मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक सर्जनांच्या संघटनेनं ही पद्धत नको म्हटलं होतं. 2009 मध्ये नव्यानं आढावा घेऊन ती भूमिका सैल झाली. नवी गाठ हाताला लागली, तर ‘चरबीच असेल’ म्हणून घरी बसायचं नाही.

ताईंनी शस्त्रक्रियेआधीच मॅमोग्राफी करून घेतली. ती फिल्म कपाटात आहे, पाकिटावर पेननं लिहिलेलं: ‘पुढच्या तपासणीला सोबत न्यायची.’