योजनेवर विश्वास ठेवा

२८ ऑक्टोबर २०१७. अमेरिकेतल्या 'फोरचॅन' या निनावी संकेतस्थळावर एक मजकूर झळकतो. हिलरी क्लिंटन यांना पकडण्याची तयारी झाली आहे. ३० तारखेपासून त्यांच्या पासपोर्टवर नजर असेल. लिहिणारा पुढे 'क्यू' अशी सही करू लागतो. ऊर्जा खात्यातल्या अतिगोपनीय परवान्याचं हे नाव. म्हणजे मी आतला माणूस आहे, असं सुचवायचं.

३० तारीख येते, जाते. क्लिंटन घरीच.

गोष्ट तिथंच संपली असती. पण क्यू उत्तरं कमी देई, प्रश्न जास्त विचारी. तो टाकायचा ते 'पावाचे चुरे', आणि ते जोडून अर्थ लावणारे 'बेकर'. सैतानाची पूजा करणारी, मुलांचा छळ करणारी बड्या लोकांची टोळी देश चालवते, डोनाल्ड ट्रम्प तिच्याशी गुप्तपणे लढताहेत, आणि एक दिवस 'वादळ' येऊन सगळे गजाआड जातील, हे 'क्यूॲनॉन' नावानं ओळखलं जाणारं कथानक या बेकरांनीच मळून वाढवलं.

ही माणसं स्वतःला भोळी समजत नव्हती, उलट. वर्तमानपत्रं, न्यायालयं, डॉक्टर, कुणाचंही ऐकू नका, स्वतः शोधा, हा त्यांचा बाणा. रात्री दोन वाजता एखादा धागा सापडला, तर शाबासकी द्यायला तिकडे कुणीतरी जागं असे. ही शाबासकी मला पुराव्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. 'जिथे एक, तिथे सगळे' हे त्यांचं घोषवाक्य होतं, आणि ते खोटं नव्हतं.

फक्त एक अट होती. शंका बाहेरच्यांवर घ्यायची. 'क्यूचं भाकीत चुकलं' असं आतूनच कुणी म्हणालं, की तो फितूर. आणि चुकलेल्या भाकितांची सोय क्यूनेच करून ठेवली होती: शत्रूला चकवायला खोटी माहिती द्यावीच लागते!

२० जानेवारी २०२१. जो बायडन शपथ घेतात. त्या क्षणी धरपकड सुरू होईल म्हणून लोक टीव्हीसमोर बसलेले. काहीच होत नाही. क्यूचा मजकूर पुढे ज्या 'एटकुन' संकेतस्थळावर येई, त्याचा माजी व्यवस्थापक रॉन वॉटकिन्स लिहितो, आता आपापल्या आयुष्यात परत जाऊ. इतक्या वर्षांत जोडलेले मित्र आणि आनंदाच्या आठवणी लक्षात ठेवा. भाकितांचा हिशेब नाही. मित्र आणि आठवणी.

बरेच जण गेले. काही राहिले, आणि त्यांनी खुद्द क्यूलाच मागे टाकलं. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे चिरंजीव, १९९९ साली विमान अपघातात मरण पावलेले धाकटे जॉन केनेडी जिवंत आहेत का, असं २०१८ मध्ये क्यूला विचारलं होतं. उत्तर एका शब्दाचं: नाही. तरीही २ नोव्हेंबर २०२१ रोजी शेकडो माणसं डॅलसच्या डीली प्लाझात जमली. १९६३ मध्ये केनेडींच्या वडिलांवर जिथे गोळ्या झाडल्या, तिथेच मुलगा प्रकटणार आणि ट्रम्प पुन्हा राष्ट्राध्यक्ष होणार, या खात्रीनं.

दुपार टळली. मग कुणी म्हणालं, आज रात्री शहरात रोलिंग स्टोन्सची मैफल आहे, तिथे येतील.

तिथेही कुणी आलं नाही. बहुतेक जण गावी परतले. काही मात्र कित्येक आठवडे डॅलसच्या हॉटेलांत एकत्र राहिले. आमचं माणूस घरदार सोडून तिकडे गेलंय, असं त्यांचे नातेवाईक पत्रकारांना सांगत होते.