म्युरल नुसतं बघायचं नाही, रंगवायचं पण

नमस्कार मंडळी! जेवणाच्या आधी भाषण ठेवलंय म्हणजे तुमचं अर्धं लक्ष मसालेभाताकडे असणार, लवकर आवरतो.

फिलाडेल्फियात राहून आपण म्युरल्सना, म्हणजे भिंतींवरच्या मोठाल्या चित्रांना, इतके सरावलोय की आता मान वर करूनसुद्धा बघत नाही. पण मुळात एवढ्या मोकळ्या भिंती आल्या कुठून? इथली घरं म्हणजे रो हाऊस, एकाला एक चिकटलेली, कारखाने बंद पडले, लोक गेले, मधली घरं पडली नाहीतर पाडली आणि शेजारच्या घराची अख्खी बाजू उघडी पडली, मग पोरं त्यावर स्प्रे मारणारच ना. १९८४ मध्ये मेयर विल्सन गूड यांनी ग्राफिटीविरुद्ध मोहीम काढली आणि त्यात जेन गोल्डन नावाच्या चित्रकार बाईंना घेतलं. बाईंनी त्याच पोरांच्या हातात ब्रश दिला! आजची म्युरल आर्ट्स ही म्युरल्स करणारी संस्था त्यातूनच उभी राहिली.

मला खरी भारी वाटते ती त्यांची पद्धत. बरीच म्युरल्स थेट भिंतीवर काढतच नाहीत. पॅराशूट क्लॉथ म्हणून एक पातळ कापड असतं, आर्टिस्ट त्याच्या चौकोनी तुकड्यांवर रेषा काढून प्रत्येक भागात नंबर टाकतो, त्या नंबराचा रंग तिथे भरायचा, बस. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच, चित्रकला येत नसली तरी चालतं. पेंट डेला, म्हणजे सगळ्यांनी मिळून रंगवायच्या दिवशी, आजीपासून नातवापर्यंत कुणीही टेबलाशी बसतं, तुरुंगातल्या कैद्यांनी पण असे तुकडे रंगवलेत. मग ते ॲक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवतात.

सगळं गोडगोड नाहीये हां. बाजूचा रिकामा प्लॉट विकला गेला की तिथे बिल्डिंग येते आणि म्युरल तिच्यामागे गायब. एरिया चकाचक झाला की भाडी वाढतात ही तक्रार पण खोटी नाही, आणि ज्यांनी रंगवलं त्यांनाच जागा सोडावी लागली तर मला ते अजिबात पटत नाही.

तरी एकदा मार्केट स्ट्रीटच्या एल ट्रेनने, म्हणजे खांबांवरून उंच धावणाऱ्या ट्रेनने, वेस्ट फिलीत जा. स्टीव्ह पॉवर्स या आर्टिस्टची २००९ ची प्रेमपत्रांची म्युरल्स छपरांच्या उंचीवर रंगवलीयेत, ती ट्रेनच्या खिडकीतूनच नीट वाचता येतात, कारने गेलात तर निम्मी दिसणार पण नाहीत.

आपण दरवर्षी गणपतीचं मखर हॉलच्या आत करतो, छानच करतो, पण शेजारच्यांना त्याचा पत्ता नसतो. म्हणून पुढच्या पेंट डेला मंडळातर्फे एक टेबल भरून जाऊया, नावं कमिटीकडे द्या. जुने टीशर्ट घालून या, ॲक्रिलिक वाळलं की निघत नाही, पैठणी तर अजिबात नको!