चर्चचा निवाडा आणि कोर्टाचा हुकूमनामा

“फादरांनी लग्न रद्द झाल्याचा कागद दिला, मग आता कोर्टाची पायरी कशाला चढायची?” आपल्या कॅथलिक समाजात हा प्रश्न वारंवार कानावर येतो. उत्तर एका वाक्यात देता येईल: तो कागद चर्चसाठी आहे, सरकारदरबारी तुमचं पहिलं लग्न अजून जसंच्या तसं उभं आहे. पण कारण समजल्याशिवाय हे गळी उतरत नाही, म्हणून जरा मागून सांगते.

कॅथलिक चर्च घटस्फोट देतच नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या दोघांचा वैध आणि शरीरसंबंधाने पूर्णत्वास गेलेला विवाह मृत्यूखेरीज कोणतीही मानवी सत्ता मोडू शकत नाही, असं 1983 च्या धर्मसंहितेचं, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या पुस्तकाचं, 1141 वं कलम सांगतं. चर्चचं न्यायासन एवढंच तपासतं, की लग्नाच्या दिवशी संमती खरी होती का. जबरदस्ती झाली असेल, फसवणूक झाली असेल, किंवा लग्नाची मूलभूत कर्तव्यं पेलण्याची मानसिक क्षमताच एखाद्यात नसेल, तर ते विवाहबंधन मुळात जुळलंच नव्हतं, असा निवाडा होतो. पूर्वी तो दोन न्यायासनांकडून यावा लागे. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती अट काढली.

कोर्टासमोरचा प्रश्न वेगळा असतो. लग्न झालं होतं हे गृहीत धरून ते विचारतं, की आता ते टिकवणं शक्य आहे का. ख्रिस्ती लोकांसाठी घटस्फोटाचा कायदा 1869 चा. त्यात पूर्वी नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होई. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. मारहाण सोसणारी, पण नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध करू न शकणारी बाई घटस्फोट मागूच शकत नव्हती. जिल्हा न्यायाधीशांनी दिलेला निकालही उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी कायम करेपर्यंत लटकत राही. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने क्रूरता आणि परित्याग ही स्वतंत्र कारणं मानली, आणि 2001 मध्ये संसदेने कायदाच बदलला. म्हणजे 132 वर्षं गेली! ख्रिस्ती महिलांच्या संघटनांनी त्यासाठी किती खेटे घातले, हे आपल्या मुलींना माहीतही नसतं, याचं मला वाईट वाटतं.

आता दोन्ही कागद समोरासमोर आले तर काय होतं? 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. पत्नीचं पहिलं लग्न चर्चच्या न्यायासनाने रद्द ठरवलं होतं. पण कोर्टाचा हुकूमनामा नव्हता, म्हणून तिचं दुसरं लग्न बेकायदा ठरलं. चर्चच्या निवाड्याला कायद्याचं बळ द्यावं, अशी जनहित याचिकाही पुढे झाली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. गोव्यात 1946 च्या पोर्तुगीज हुकुमानुसार चर्चचा निवाडा उच्च न्यायालयामार्फत दिवाणी कायद्यातही लागू होई. 2019 मध्ये तिथल्या खंडपीठाने ती तरतूदही रद्द ठरवली.

माझ्या मते हे योग्यच झालं. चर्चचं न्यायासन पोटगीचा हुकूम बजावू शकत नाही, मुलांचा ताबा ठरवू शकत नाही, घरातून बाहेर काढलेल्या बाईला छप्पर मिळवून देऊ शकत नाही. एकट्या त्या कागदावर दुसरं लग्न केलं तर द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा अंगावर येतो, आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर पेन्शन मागायला गेलेल्या दुसऱ्या बायकोला कोणी दारात उभं करत नाही.

उलट बाजूनेही गैरसमज आहेत, आणि त्यांनी माणसं फार दुखावतात. कोर्टातून घटस्फोट घेतला म्हणून बाई प्रभुभोजनाला मुकते, असं गावात सर्रास सांगितलं जातं. हे खोटं आहे. कोर्टाने घटस्फोट दिलेली, पण पुन्हा लग्न न केलेली व्यक्ती केवळ त्या कारणाने प्रभुभोजनासारख्या संस्कारांपासून दूर ठेवता येत नाही. अडचण येते ती चर्चचा निवाडा नसताना दुसरं लग्न केल्यावर. मारहाणीतून सुटलेल्या बाईला मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) वेळी मागच्या बाकावर बसवणाऱ्यांनी हे एकदा धर्मगुरूंकडून समजून घ्यावं.

आणखी एक भीती मुलांची. चर्चने लग्न रद्द ठरवलं तर मुलं अनौरस ठरतील, म्हणून कितीतरी आया अर्जच करत नाहीत. दोघांपैकी एकानेही ते लग्न प्रामाणिकपणे खरं मानून केलं असेल, तर चर्च त्या मुलांना औरसच मानतं. धर्मसंहितेचं 1137 वं कलम उघडून पाहा.

विवाहपूर्व शिबिरात आपण नवऱ्या मुलामुलींना जपमाळेपासून घरखर्चापर्यंत सगळं शिकवतो. त्याच शिबिरात वकिलाला तासभर द्या. ज्यांचं प्रकरण आज चर्चच्या न्यायासनापुढे आहे, त्यांना तर अर्ज स्वीकारतानाच लेखी सांगितलं पाहिजे, की दुसरं लग्न ठरवण्याआधी कोर्टाचा हुकूमनामा हातात हवा.