आपली ताडी स्कॉटलंडला कशी पोचली?

नमस्कार मंडळी! हा बघा ताडगोळा. आत्ताच ठाण्यात, गावदेवी मार्केटजवळ बसणाऱ्या मावशींकडून घेतला. त्यांनी कोयत्याने फळ फोडलं आणि अंगठ्याने गर अलगद बाहेर काढला. चावला की आतलं गोड पाणी थेट हनुवटीवर.

आज बोलायचंय दारूच्या इंग्रजी नावांबद्दल. सुरुवात याच झाडापासून करू, कारण इंग्रजीतला 'टॉडी' हा शब्द आपल्या ताडीचाच. ताडाच्या फुलोऱ्याला छेद देऊन मडकं बांधतात. पहाटे उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा. ऊन चढलं की तो आपोआप आंबतो, फेसाळतो, त्याची ताडी होते. सतराव्या शतकात इकडे आलेल्या इंग्रजांनी हा शब्द उचलला. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये 'टॉडी' म्हणजे व्हिस्की, गरम पाणी आणि साखर असं झालं. त्यात ताडाचा एक थेंब नाही! झाड इथेच राहिलं, नाव तेवढं बोटीत बसलं. मला हे फार आवडतं.

आता व्हिस्की. स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेत 'उश्के बेहा' म्हणजे जीवनाचं पाणी. लॅटिन 'अ‍ॅक्वा विटे'चं सरळ भाषांतर. बोलता बोलता 'जीवन' गळालं, उरलं नुसतं पाणी. रशियन 'व्होडका'ही 'वदा' म्हणजे पाणी, त्याचं लाडाचं रूप. आणि गंमत ऐका: उश्के, वदा, इंग्रजी वॉटर आणि संध्येच्या पळीतलं आपलं उदक, हे सगळे एकाच मुळातले शब्द आहेत!

ब्रँडी डचांची. मूळ शब्दाचा अर्थ जाळलेली वाइन, म्हणजे आच देऊन ऊर्ध्वपातन केलेली, वाफ करून ती वाफ पुन्हा थंड केलेली. जिनचं नाव ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांवरून आलं.

पण सगळ्यात लांबचा प्रवास 'अल्कोहोल'चा. अरबी 'अल-कुह्ल' म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. सुरमा बोटावर घेऊन चोळा, कण हाताला लागत नाही. म्हणून युरोपातले किमयागार कुठल्याही अतिबारीक भुकटीला अल्कोहोल म्हणू लागले, मग कुठल्याही पदार्थाच्या शुद्ध साराला. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्य-किमयागाराने वाइनच्या साराला ते नाव दिलं आणि तेच टिकलं.

अरबीतलाच 'अरक' म्हणजे घाम. भट्टीच्या नळीतून टपटपणारे थेंब घामासारखे दिसतात ना! इंग्रजीत त्याचा 'अ‍ॅरॅक' झाला, आपल्याकडे 'अर्क'. ओव्याचा अर्क आजीने पोटदुखीवर दिलाय की नाही?

तुमच्या गावात ताडी काढायला झाडावर चढणाऱ्याला काय म्हणतात? त्याच्या कोयत्याला, मडक्याला, कमरेच्या दोरीला काय नावं आहेत? खाली लिहा, गावाच्या नावासकट. पुढचा भाग त्याच शब्दांवर करतोय.